काकांचा फिरता गुडघा

आमच्या ऑफिसात बसणारे लोक थोडे होते आणि फिरणारे पुष्कळ. सकाळी साडेदहाला हजेरीच्या रजिस्टरवर सही झाली की एकेक जण आपला कोट नाहीतर स्वेटर खुर्चीच्या पाठीला अडकवून बाहेर पडायचा. कोट खुर्चीवर, माणूस चहाच्या टपरीवर. कुणी विचारलंच तर शेजारचा सांगायचा, "अभी-अभी उठे हैं." हे अभी-अभी कधीकधी जेवणाच्या सुट्टीपर्यंत चालायचं. अशा ऑफिसात, जागेवरून उठतो म्हणून नोकरी जायची वेळ एकाच माणसावर आली, आणि तो माणूस मी होतो. मला अजूनही त्याचा राग येतो.

माझे वडील कारखान्यात लोखंड उचलायचे. आजोबा विदर्भातून जबलपूरला आले तेव्हापासून आमच्या घरात प्रत्येकानं काही ना काही उचललंच होतं, कुणी विटा, कुणी पोती. आजोबांच्या गावात आमच्या माणसांना दुसऱ्याच्या ओट्यावर टेकायचीही मुभा नव्हती, खुर्ची तर फार लांबची गोष्ट. त्यामुळे मला सरकारी ऑफिसात बाबूची नोकरी लागली तेव्हा वडिलांनी पगार विचारला नाही की खातं विचारलं नाही. पहिल्या दिवशी संध्याकाळी मी चप्पल काढतो न काढतो तोच म्हणाले, "खुर्ची भेटली?"

"भेटली, बाबा."

"पाठ हाय तिले?"

"हाय."

"अन् हात?"

"दोन्ही हात हायेत."

बाबा उठून बाहेर गेले ते बराच वेळ आले नाहीत. दुसऱ्या दिवशी विहारात मला चार जणांनी खुर्चीच्या हातांबद्दल विचारलं. आईनं त्या खुर्चीसाठी गादी शिवली आणि तिच्यावर मोर भरला. मोराच्या डोळ्याच्या जागी काचेचा मणी होता, आणि तो बरोबर टोचेल अशाच ठिकाणी आला होता. पण तिला ते सांगायची माझी हिंमत झाली नाही.

माझी शाखा म्हणजे नकल शाखा. पाटनहून, शहपुऱ्याहून लोक यायचे, जमिनीच्या जुन्या कागदांच्या नकला मागायचे, आणि आम्ही त्या हातानं उतरवून, शिक्का मारून द्यायच्या. मूळ कागद असायचे रिकॉर्ड रूममध्ये, लाल कापडात बांधलेल्या गठ्ठ्यांत. या गठ्ठ्याला बस्ता म्हणतात. रिकॉर्ड रूम आवारापलीकडच्या इमारतीत, वरच्या मजल्यावर. बाबूनं चिठ्ठी लिहायची, चपराशानं जाऊन बस्ता आणायचा, अशी रीत. बाबूनं स्वतः बस्ता उचलायचा म्हणजे नवरदेवानं आपल्याच वरातीत डोक्यावर बत्ती घेऊन चालायचं.

आमच्या शाखेचे चपराशी, सरकारी कागदात 'भृत्य', वयानं वडिलांएवढे होते. राहायला शहपुऱ्याकडे, पण मूळचे आमच्यासारखेच विदर्भातले. मी त्यांना काका म्हणायचो, ते मला बाबू म्हणायचे. पांढरेशुभ्र केस, नाकावर चष्मा आणि अंगात कुण्या साहेबानं जाताना दिलेला बंद गळ्याचा काळा कोट. आम्ही दोघं शेजारी उभे असलो तर नवखा माणूस नमस्कार त्यांनाच करायचा. मला ते आवडायचं नाही.

नोकरीला वर्ष होत आलं तेव्हा माझी पाठ बिघडली. सकाळी उठावं तर कंबरेपासून मानेपर्यंत सगळं लाकूड. मी आधी कुशीवर व्हायचो, मग गुडघ्यांवर, मग भिंत धरायचो, असा टप्प्याटप्प्यानं उभा राहायचो. वय चोवीस. कारखान्याचा भोंगा व्हायचा, बाबा डबा घेऊन निघायचे, तेव्हा मी दुसऱ्या टप्प्यात असायचो. नवल म्हणजे घरून ऑफिसपर्यंत पायी गेलो की पाठ मोकळी व्हायची. मग त्या हातवाल्या खुर्चीवर तासभर बसलो की पुन्हा लाकूड.

मोठ्या दवाखान्यातल्या एका तरुण डॉक्टरनं एक्स-रे उजेडात धरून पाहिला आणि सांगितलं की हा संधिवातच आहे, पण म्हातारपणी सांधे झिजतात तो नव्हे. हा तरुणपणीच येतो, कण्याच्या सांध्यांना आतून सूज येते. नाव अँकिलोसिंग स्पॉन्डिलायटिस. ते नाव पुरं ऐकून होईपर्यंत माझी पाठ धरली. गोळ्या लिहून दिल्या, व्यायाम दाखवले. मी विचारलं, "आराम किती दिवस करू?"

"आराम बिलकुल नहीं," डॉक्टर म्हणाले. "आराम से यह बीमारी बढ़ती है. आधे घंटे से ज़्यादा एक जगह बैठना नहीं. चलते-फिरते रहिए. नौकरी क्या करते हैं?"

"बैठने की," मी म्हणालो.

ऑफिसात बातमी पोचली ती अर्धीच पोचली: याला हाडांचा रोग झालाय. आणि मग माझ्यावर मायेचा जो मारा सुरू झाला तो मी वैऱ्यालाही लागू देणार नाही. बडे बाबू, म्हणजे आमच्या सगळ्या बाबूंवरचे बाबू, तसे खडूस, पण त्यांनी साहेबांच्या व्हरांड्यातली आरामखुर्ची माझ्यासाठी आणवली. कुणी लसूण घालून उकळलेलं तेल आणलं, कुणी मोहाचं. एकानं नर्मदेची वाळू पुरचुंडीत बांधून दिली, तव्यावर गरम करून शेक म्हणे. मी उठायला लागलो की दोन बाजूंनी दोघं धावत यायचे आणि खांद्याला धरून मला खाली दाबायचे. "बैठो, बेटा, बैठो. जो चाहिए हम ला देंगे." मला हवं होतं फक्त उठणं. ते कुणी आणून देईना.

शेवटी मी डॉक्टरकडून सर्टिफिकेट आणलं: या व्यक्तीनं दर अर्ध्या तासानं उठून पाच मिनिटं चालणं आवश्यक आहे. बडे बाबूंनी ते दोनदा वाचलं. म्हणाले, "यह तो मुझे भी चाहिए." संध्याकाळपर्यंत पाच जणांनी डॉक्टरचा पत्ता विचारला. सगळे आधीपासून फिरतच होते, आता त्यांना ते लेखी हवं होतं. कागद साहेबांकडे गेला. साहेबांनी मला बोलावून अगदी सभ्यपणे सांगितलं की शासनाच्या नियमांत बसायची तरतूद आहे, रजेचीही आहे, फिरायची नाही.

माझी मोठी चूक ही झाली की मी परवानगी मागितली. तोवर मला कुणी मोजत नव्हतं. आता मी खुर्चीवरून जरा हललो की सगळं ऑफिस मान वर करून पाहायचं, आणि माझं टेबल नेमकं साहेबांच्या दारासमोर. मग मी निमित्तं शोधू लागलो. पाण्याचा माठ व्हरांड्याच्या टोकाला होता, म्हणून दर अर्ध्या तासानं पाणी प्यायला जायचं. एवढं पाणी प्यायल्यावर दुसरीकडेही जावं लागायचं, आणि ती जागा तर आवाराच्या पार मागे. पाठीला फार बरं वाटू लागलं. पण आठवड्याभरात ऑफिसनं ठरवलं की मला साखरेचा आजार आहे, आणि बडे बाबू सकाळी घरून माझ्यासाठी कारल्याचा रस आणू लागले. मी तो आठ दिवस प्यायलो. कारण रस प्यायला त्यांच्या टेबलापर्यंत चालत जावं लागायचं.

मग एका सोमवारी नोटीस आली. आपण वारंवार सीटवरून अनुपस्थित आढळता, कारण सांगा, महिन्याभरात. मी अजून परिवीक्षेवर होतो, म्हणजे कच्चा. दोन महिन्यांनी पक्का व्हायचो नाहीतर घरी जायचो. घरी जायचो म्हणजे कुठे, तर बाबांसमोर. खुर्ची गेली, हात आणि पाठीसकट गेली, हे त्यांना सांगायचं. त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

काका दुसऱ्या दिवशी दुपारी माझ्या टेबलाशी आले आणि स्टूल ओढून बसले. त्याआधी ते माझ्यासमोर कधी बसले नव्हते.

"बाबू, माहे गुडघे गेले," ते म्हणाले.

"कधीपासून?"

"झाले दोन-चार दिवस. रिकॉर्ड रूमचा जिना चढवत नाही. साहेबाले समजलं तर मले काढून टाकतीन. तुमी मदत करता का? चिठ्ठी घेऊन तुमीच जात जा, बस्ता घेऊन येत जा. मी इथं बसतो, आल्या-गेल्याले सांगतो. कोनाले सांगू नका पन."

मी नाही म्हणालो. मी बाबू आहे, बस्ता उचलणार नाही, बाबांना काय वाटेल, वगैरे सगळं बोललो. काका ऐकत राहिले, गुडघा चोळत राहिले. म्हातारा माणूस, नोकरी जायची भीती. मला स्वतःचीच नोटीस आठवली आणि दया आली. "बरं," मी म्हणालो, "तुमच्यासाठी करतो."

आणि त्याच दिवशी मला एक गोष्ट कळली, जी मला वर्षभरात कळायला हवी होती. रिकाम्या हातानं फिरणारा माणूस कामचुकार दिसतो. काखेत कागद असला की तोच माणूस कामात दिसतो. मी दिवसातून दहा वेळा साहेबांच्या दारासमोरून गेलो, जिना चढलो, उतरलो, आणि साहेब एकदाही काही बोलले नाहीत. रिकॉर्ड रूममध्ये धूळ फार, म्हणून मी तिथे डोक्याला आणि नाकाला गमछा बांधायचो. शिवाय काकांना जुनी मोडी आणि उर्दू अक्षरं वाचता येत नव्हती, ते अंदाजानं बस्ता आणायचे, कधी चुकीचा यायचा. मला थोडीफार यायची. पंधरा दिवस लागणारी नकल दोन-तीन दिवसांत मिळू लागली. रात्री झोप लागू लागली. सकाळचे टप्पे चारावरून दोनावर आले.

काका आधी माझ्या टेबलाशेजारी स्टुलावर बसायचे. मग स्टुलाला पाठ नाही म्हणून खुर्चीवर बसू लागले, मोराच्या गादीवर. मोराचा डोळा त्यांनाही टोचायचा, पण त्यांनी तक्रार केली नाही. सत्तावीस वर्षं शाखेत काढलेली. कुणाला कोणता कागद लागतो, कोणत्या अर्जात काय चुकलं, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. पाटनहून आलेले म्हातारे त्यांच्या पाया पडायचे.

गुडघ्याचं म्हणाल तर काका लंगडायचे, पण कधी उजव्या पायानं, कधी डाव्या. मी ते टिपलं आणि त्यांना समजावून सांगितलं. मी तोवर संधिवातावर पुष्कळ वाचलं होतं. "काका, काही संधिवात फिरता असतो. आज या सांध्यात, उद्या त्या. तुमचा तसाच दिसतो." काकांनी मान डोलावली. "फिरता हाय, बाबू. बरोबर वळखलं तुमी." मी त्यांना डॉक्टरकडे चला म्हणून मागे लागलो तर म्हणायचे, "डॉक्टरच्या दारात गेलं की माहा गुडघा बरा होते. काहून पैसे घालवायचे?" मी विहारात एक-दोघांना सांगितलंही, एका म्हाताऱ्या चपराशाची नोकरी मी कशी वाचवून राहिलो आहे. लोकांनी माझं कौतुक केलं. मी ते घेतलं.

बाबा कारखान्याच्या सुटीच्या दिवशी कधीकधी सायकलवरून माझ्या ऑफिसकडे येतात, हे मला माहीत नव्हतं. आवारातल्या कडुलिंबाखाली उभं राहिलं की खिडकीतून माझी खुर्ची दिसायची. पाच-दहा मिनिटं पाहायचे आणि परत जायचे. एके दिवशी त्यांनी पाहिलं तर खुर्चीत चपराशी, आणि त्यांचा मुलगा गमछा बांधून खांद्यावर बस्ता घेऊन जिना उतरतोय.

संध्याकाळी घरी गेलो तर ते भिंतीला टेकून बसले होते. आईनं वाढलेलं ताट तसंच होतं.

"तुले चपराशी केलं का रे?"

मी सगळं सांगितलं. पाठ, डॉक्टर, नोटीस, काकांचा गुडघा. शेवटी म्हणालो, "बाबा, मले खुर्चीनंच त्रास होऊन राहिला."

"खुर्चीनं?" ते म्हणाले. "मी तीस वर्ष लोखंड उचललं, मले काही झालं नाही. अन् तू एक वर्ष खुर्चीत बसला अन् तुही पाठ गेली? कोनता डॉक्टर हाय हा?"

खरं तर मलाही ते अन्यायाचंच वाटायचं. तीन पिढ्या खाली बसल्या तेव्हा कुठे एक खुर्ची आली, आणि तिच्यावर मलाच बसायची बंदी. मी चिडलो, न जेवताच उठलो. बाबा दुसऱ्या दिवशी कारखान्यात गेले नाहीत. ते ऑफिसच्या आवारात आले आणि काकांना बाहेर बोलावून लिंबाखाली बराच वेळ बोलत उभे राहिले. मी वरून, रिकॉर्ड रूमच्या खिडकीतून पाहत होतो. मला वाटलं भांडण होणार. तसं काही झालं नाही. रात्री बाबा जेवले आणि हात धुता धुता म्हणाले, "जा तू. फिर." एवढंच.

नोटिशीला उत्तर द्यायला चार दिवस उरले असताना भोपाळहून मोठे साहेब तपासणीला आले. न सांगता आले. मी वर बस्ते शोधत होतो, खाली काय चाललंय याचा मला पत्ता नव्हता. पुढचं काही काकांकडून ऐकलेलं, काही डोळ्यांनी पाहिलेलं.

मोठे साहेब शाखेत शिरले, मागून आमचे साहेब, त्यांच्या मागून बडे बाबू. माझ्या खुर्चीत काका, काळा कोट, पांढरे केस, चष्मा, हातात एका म्हाताऱ्या शेतकऱ्याचा अर्ज. काका गुडघा धरून हळूहळू उठायला लागले. मोठे साहेब म्हणाले, "बैठिए, बैठिए, आप बुज़ुर्ग हैं." काका बसले.

"इस शाखा में कितने साल हुए?"

"सत्ताईस, साहब."

"नकल कितने दिन में देते हैं?"

"दो दिन में. कागज़ दबा हो तो तीन."

यातलं एकही अक्षर खोटं नव्हतं. त्यावर तो पाटनचा शेतकरी हात जोडून म्हणाला की बाबूजी फार भले आहेत, कधी आलं तरी सीटवरच सापडतात.

नेमका मी बस्ता खांद्यावर घेऊन दारात आलो. डोक्याला गमछा, बाह्या वर, नाकापर्यंत धूळ. मोठ्या साहेबांनी माझ्याकडे न पाहता बोट वर केलं. "पानी."

मी बडे बाबूंकडे पाहिलं. बडे बाबू छताकडे पाहत होते. मी साहेबांकडे पाहिलं. साहेब बडे बाबूंकडे पाहत होते. आमच्या ऑफिसात वरच्या माणसाची चूक तोंडावर दाखवायची पद्धत नव्हती. दाखवायची तर लेखी, आमच्याकडून बडे बाबूंकडे, त्यांच्याकडून साहेबांकडे, आणि कागद वर पोचेपर्यंत वरच्याची बदली झालेली असायची. सगळं ऑफिस उभं होतं. मी बस्ता खाली ठेवला आणि माठावर गेलो. सवयीनं मी स्वतःही एक ग्लास प्यायलो.

पाणी आणून दिलं. मोठे साहेब म्हणाले, "बाबूजी को भी दो." मी काकांना दिलं. त्यांनी माझ्याकडे न पाहता ते घेतलं, आणि ग्लास त्यांच्या हातात थरथरत होता. मला वाटलं भीतीनं. हसू दाबलं होतं असं त्यांनी मला नंतर सांगितलं.

तपासणीचा अहवाल चौथ्या दिवशी, नोटिशीच्या मुदतीच्या शेवटच्या दिवशी आला. त्यात आमच्या शाखेबद्दल लिहिलं होतं: नकल शाखेचे बाबू आपल्या सीटवर काम करताना आढळले. अनुभवी आणि विनम्र आहेत. शाखेचा भृत्य चपळ आहे, परंतु गमछा बांधून फिरतो, त्यास समज द्यावी.

बडे बाबूंनी मला बोलावलं. त्यांच्या टेबलावर दोन कागद होते, एक माझी नोटीस, एक अहवाल. एकात मी सीटवर नसतो, दुसऱ्यात असतो. त्यांनी दोन्हींच्या सह्या पाहिल्या. मोठ्या साहेबांची सही मोठी होती. "ऊपर से लिखकर आया है कि तुम सीट पर थे," ते म्हणाले. "तो थे." नोटीस फाईलला लागली आणि मी पक्का झालो. वय पंचवीस, आणि सर्व्हिस बुकात अनुभवी. भृत्यास समज देण्यासाठी बडे बाबूंनी दुसऱ्या दिवशी काकांना बोलावलं, पंधरा मिनिटं समज दिली, आणि काकांनी यापुढे गमछा बांधणार नाही असं लिहून दिलं.

घरी हे सांगितलं तेव्हा आई हसता हसता खाली बसली. बाबा हसले नाहीत. ते उठून बाहेर गेले, खुर्चीच्या हातांच्या दिवशी गेले होते तसे.

पुढे काका निवृत्त होईपर्यंत, चांगली अकरा वर्षं, आमची हीच व्यवस्था चालली. साहेब बदलले, प्रत्येकाला वाटलं ही पद्धत आधीपासूनची आहे. मी काही फार मोठा संधिवाताचा जाणकार झालो नाही, पण ऑफिसात कुणाचं काही दुखलं की लोक माझ्याकडे यायला लागले. टाइपिंगला एक मुलगी होती, तिची बोटं सकाळी सुजायची, बारा वाजेपर्यंत मूठ वळायची नाही, आणि तिच्याविरुद्ध कागद चालला होता. मी बडे बाबूंना म्हणालो, सकाळी तिला मिलानाला बसवा. मिलान म्हणजे एकानं मूळ कागद मोठ्यानं वाचायचा, दुसऱ्यानं नकल तपासायची. त्याला बोटं कशाला लागतात? दुपारी बोटं मोकळी झाली की टाइप करेल. ते म्हणाले, ऐसा नियम नहीं है. मी म्हणालो, मनाई करणारा नियम दाखवा. दोन दिवस शोधलं, सापडला नाही. ती मुलगी तिथूनच निवृत्त झाली, आणि तिच्या वाचण्याचा आवाज एवढा खणखणीत होता की समोरच्या बार रूममधले वकीलही आपले कागद त्यावर तपासून घ्यायचे.

काका निवृत्त झाले तेव्हा आम्ही हार घातले, नारळ दिला, आणि गुडघ्यांमुळे घरापर्यंत जायला गाडी ठरवली. ते गाडीत चढले डावा पाय धरून. उतरताना, ड्रायव्हर म्हणाला, उजवा धरला होता. मी ड्रायव्हरलाही फिरत्या संधिवाताबद्दल सांगितलं.

काही महिन्यांनी, पावसाळ्याच्या तोंडावर, एका रविवारी मी बाबांना स्कूटरवर मागे बसवून काकांच्या गावाला निघालो. बाबाही तेव्हा निवृत्त झाले होते. बसून बसून पाठ धरायची म्हणून मी वाटेत दोनदा थांबून स्कूटरभोवती फेऱ्या मारल्या. एक सायकलवाला थांबला आणि काय हरवलं म्हणून आमच्याबरोबर शोधू लागला. बाबा त्याला म्हणाले, "कुछ नहीं भैया, आप जाइए."

काकांच्या घरासमोर पोचलो तर घराच्या छपरावर, पार आढ्यावर, एक माणूस उकिडवा बसून कवेलू, म्हणजे कौलं, बदलत होता. एक कवेलू काढायचा, धूळ झटकायची, दुसरा बसवायचा, आणि बसल्या बसल्या बेडकासारखा पुढे सरकायचा. पांढरे केस. मी हाक मारली. त्यांनी वळून पाहिलं, शिडीवरून भराभर खाली आले, शेवटच्या दोन पायऱ्या सोडून उडीच मारली. मग मला नीट पाहिलं आणि एकदम लंगडायला लागले.

काका आमच्यापर्यंत येता येता मध्येच थबकले, खाली आपल्या पायांकडे पाहिलं, आणि पाय बदलला.

बाबा हसू लागले. स्कूटरला धरून हसले, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

"तुमाले मालूम होतं?" मी विचारलं.

"मले पह्यल्याच दिवशी सांगितलं त्यानं, लिंबाखाली," बाबा म्हणाले. "म्हने माह्या गुडघ्याले काही झालं नाही. पन तुमच्या पोराले सांगू नका. तो मानी हाय. त्याच्यावर उपकार करून राहिलो असं समजलं तर बस्त्याले हात लावनार नाही, खुर्चीत बसून बसून वाकून जाईन. त्याले वाटू द्या का तोच माह्यावर उपकार करून राहिला."

अकरा वर्षं. रोज साडेदहा ते साडेपाच, ऑफिसच्या दारापासून दारापर्यंत, एक धडधाकट माणूस माझ्यासाठी लंगडला होता, आणि मी त्याला रोगाची माहिती देत होतो. मला लाज वाटली, हसू आलं आणि रडूही आलं. मी रडलो. काकांना ते पाहवेना.

"फिरता हाय ना, बाबू," ते म्हणाले. "आता गेला फिरायले."

तेवढ्यात काकू आतून खुर्ची घेऊन आल्या. घरात एकच होती, दोन हातांची. त्या माझ्यासमोर ठेवणार तोच काकांनी ती काढून घेतली आणि बाबांना दिली. काकू रागावल्या. "पाहुण्याले बसू बी देत नाही का? जबलपूरहून येऊन राहिले ते."

"त्याईले बसवायचं नाही," काका म्हणाले. "दोन घंटे स्कूटरवर बसून आले. चला बाबू, बांधापर्यंत जाऊन येऊ."

बाबा त्या खुर्चीत बसले. दोन्ही हातांवर हात ठेवले, पाठ टेकली, आणि आम्हाला जा म्हणून मान हलवली. आम्ही दोघं निघालो. काका कुठल्याच पायानं लंगडत नव्हते, भराभर पुढे चालत होते, आणि दर शेताच्या कोपऱ्यावर थांबून मागे वळून पाहायचे, माझी पाठ मोकळी झाली का ते.